लांब नाकाची जॅग्वार की खोलगट टपाची मर्सिडीज?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजकाकांची उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. भोसरीतलं वर्कशॉप मागच्या वर्षी विकलं, मुलगी सेटल झाली, डोक्यावर कर्ज नाही. आता वय ५९. कॉलेजात असताना एका मासिकातलं जॅग्वार ई-टाइपचं चित्र कापून होस्टेलच्या भिंतीला चिकटवलं होतं, तेव्हापासून ती गाडी डोक्यातून जात नाही. पण चुलतभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, तो म्हणतो दादा वेडा आहेस का, मर्सिडीजची पॅगोडा घे, डोक्याला शांतता. बायको म्हणते दोन्ही नको. रविवारी सकाळी भोरपर्यंत जायचं, मिसळ खायची आणि परत यायचं, एवढंच स्वप्न आहे. कुठली घेऊ?
— प्रभात रोडचे एक वाचक

उत्तर : आधी वहिनींना नमस्कार सांगा, अख्ख्या पत्रात शहाणपणाचं वाक्य त्यांचं एकटीचं आहे. पण तुम्ही ऐकणार नाही हे त्यांनाही माहितीये आणि मलाही, तर बोलू.

दोन्ही गाड्या जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आल्या, ई-टाइप १९६१ च्या मार्चमध्ये आणि पॅगोडा बरोबर दोन वर्षांनी १९६३ च्या मार्चमध्ये. बस, साम्य इथं संपलं. ई-टाइपचा आकार काढला माल्कम सेयरने, तो मुळात विमानाच्या कारखान्यातला माणूस, हवा कशी कापायची याचं गणित मांडून त्याने पत्रा वळवला. त्याच्याच डी-टाइपने त्याआधी १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मांची २४ तासांची रेस मारली होती. म्हणजे ई-टाइप ही रेसच्या गाडीला काच, सीट आणि लायटर लावून रस्त्यावर सोडलेली गाडी आहे असंच धरा. पॅगोडाचं उलटं. ती बनवली ती रोज चालवायला, सुटकेस टाकून सासुरवाडीला जायला, आणि त्यात भर म्हणून पिकअप दिला. तिचं ते मधे खोलगट असलेलं टप बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून आलं, कडेला उंच ठेवलं की काचा मोठ्या बसतात, दारातून डोकं न आपटता आत शिरता येतं आणि टपही दणकट होतं. चिनी-जपानी देवळाच्या छपरासारखं दिसतं म्हणून लोक पॅगोडा म्हणायला लागले, कंपनीचं नाव आपलं साधं, २३० एसएल, मग २५० आणि २८०. अपघातात पुढचा-मागचा भाग चुरडावा आणि माणसांची जागा शाबूत राहावी ही कल्पनाही बारेनीचीच, आणि स्पोर्ट्स कारमध्ये ती पहिल्यांदा आली ती याच गाडीत.

आता तुम्ही म्हणाल ही तर म्हाताऱ्यांची गाडी झाली. तसं नाही हो. जिनिव्हात गाडी दाखवली तेव्हा तिथून जवळच्याच एका छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर मर्सिडीजचा चीफ इंजिनिअर रुडॉल्फ उलेनहाउट स्वतः २३० एसएल घेऊन उतरला आणि ४७.५ सेकंदात चक्कर मारली, तिथेच रेसर माइक पार्क्सने ३ लिटरची बारा सिलिंडरवाली फेरारी ४७.३ मध्ये फिरवली होती. आणि त्याच वर्षी ऑयगेन ब्योरिंगरने स्पा-सोफिया-लिएज रॅली जिंकली, साडेपाच हजार किलोमीटर, त्यात युगोस्लाव्हियातले खडी-धुळीचे रस्ते. आपला खंबाटकी घाट तिला काय त्रास देणार. त्रास देतील ते आपले स्पीडब्रेकर, पण तेही पॅगोडापेक्षा ई-टाइपला जास्त, कारण सायलेन्सरचे पाइप पोटाखालून खालपर्यंत आलेत आणि नाक इतकं लांब की पुढचं टोक सीटवरून दिसतच नाही. ते नाकही एकसंध, पुढचे मडगार्ड आणि बॉनेट मिळून एकच तुकडा, अख्खा पुढे उलटा उघडतो. उघडला की बघत राहावं असा देखावा असतो हे खरं, पण सिग्नलला एखाद्या ॲक्टिव्हावाल्याने घासलं तर रंगकाम त्या सगळ्या तुकड्याचं.

इंजिनाचं बोलू, कारण तुम्ही वर्कशॉपवाले, तुम्हाला त्यात रस असणार. ई-टाइपला एक्सके नावाचं सहा सिलिंडरचं इंजिन, आधी ३.८ लिटर आणि १९६४ पासून ४.२, कागदावर २६५ हॉर्सपॉवर, आणि हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे एसयू कंपनीचे तीन कार्बोरेटर. पॅगोडालाही सहा सिलिंडर, पण २.३ लिटर आणि १५० हॉर्सपॉवर, शेवटच्या २८० ला १७०. जोर कुठे जास्त हे सांगायलाच नको. पण पॅगोडाला कार्बोरेटर नाहीत, बॉशचा मेकॅनिकल इंजेक्शन पंप आहे, डिझेल गाडीच्या पंपाचा भाऊ समजा. त्याच्या आत शंकूसारखा आडवातिडवा घासलेला एक कॅम असतो, इंजिनाचे आरपीएम आणि ॲक्सिलरेटर दोन्ही बघून तो ठरवतो की किती पेट्रोल द्यायचं, वर हवेचा दाब मोजायला वेगळी डबी. नीट असेल तर थंडीतही एका चावीत सुरू. बिघडला तर मात्र आपल्याकडचा डिझेल गाड्यांचे मायको पंप करणारा मिस्त्री खोलून पाहील, वा म्हणेल, आणि झाकण लावून परत देईल. म्हणजे पंप डब्यात घालून जर्मनीला किंवा अमेरिकेला, आणि तोवर गाडी कव्हरखाली.

कार्बोरेटरचं तसं नाही. आपल्या ॲम्बॅसेडरला काय होतं, एसयूच ना? ई-टाइपला तेच, आकाराने मोठे आणि तीन. पुण्यात पन्नाशीच्या पुढचा कुठलाही जुना मिस्त्री घ्या, एसयूची पेट्रोल मोजून सोडणारी सुई आणि जेट तो डोळे मिटून काढेल. त्यामुळे पॅगोडा म्हणजे डोक्याला शांतता हे चुलतभावाचं म्हणणं लेस्टरमध्ये बरोबर आहे, पुण्यात अर्धंच.

पण थांबा, जॅग्वारचं कौतुक इथंच आवरतो. तिचा क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात, त्याआधी ते लांबलचक बॉनेट उतरवायचं. मागचे डिस्क ब्रेक चाकाजवळ नाहीत, आत मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला चिकटून आहेत, तिथलं ऑइल सील गेलं की तेल थेट डिस्कवर, आणि नीट काम करायचं तर मागचा सगळा सांगाडा खाली घ्यावा लागतो. सिरीज १ ला, म्हणजे ई-टाइपच्या पहिल्या पिढीला, रेडिएटरला एकच इलेक्ट्रिक पंखा, आणि मे महिन्यात स्वारगेटला सिग्नलवर उभं राहून त्या एका पंख्याकडून किती अपेक्षा करणार. सिरीज २ ला कंपनीने दोन पंखे दिले, उगाच नाही दिले. आत पायाशी गरम होतं ते वेगळंच. ३.८ वाल्या गाडीचा पहिला गिअर सिंक्रोमेश नसलेला, म्हणजे चालत्या गाडीत दात न वाजवता घालणं अवघड, ४.२ ला बॉक्स सुधारला, ब्रेक सुधारले, सीटही माणसाला बसण्यासारख्या झाल्या. म्हणून ई-टाइप घ्यायचीच तर माझं मत ४.२, सिरीज १. अगदी सुरुवातीच्या गाड्या दुर्मिळ म्हणून त्यांचे भाव वर, पण आपल्याला चालवायचीये, तिजोरीत नाही ठेवायची. आणखी एक, १९६६ मध्ये टू-प्लस-टू आली, ९ इंच लांब, मागे दोन छोट्या सीट, हवा असेल तर ऑटोमॅटिक. जाणकार तिच्याकडे बघून नाक मुरडतात, त्यामुळेच ती त्यातल्या त्यात स्वस्त पडते. वहिनी बरोबर येणार असतील तर तिचा विचार करा.

आता तुमच्या मिसळीचं काय ते सांगतो, राग मानू नका. बाहेरून आणायला ५० वर्षांपुढच्या गाडीला आता परवानगी आहे, आणि दोन्ही गाड्या त्यात बसतात, शेवटची पॅगोडा १९७१ ची आणि ई-टाइपचं उत्पादन १९७४ ला थांबलं. पण कस्टम ड्यूटी आणि टॅक्स मिळून गाडीच्या मूळ किमतीच्या दुपटीपुढे जातं, म्हणजे भावाने पौंडात सांगितलेला आकडा ऐकून खूश होऊ नका. मग २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून रजिस्ट्रेशन, फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. आणि त्याच नियमात लिहिलंय की अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापराला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. त्यात मिसळ नाही. भोरला रॅली निघाली तर जा, नाहीतर पेट्रोल भरायला निघा आणि पंपाशेजारी जे मिळेल ते खा. भारतात आधीपासून साध्या रजिस्ट्रेशनवर असलेली गाडी मिळाली तर प्रश्न बराच सोपा होतो, म्हणून आधी इथंच शोधा. आणि उजव्या स्टिअरिंगची बघा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला कायद्याने चालू स्थितीतलं सिग्नलचं यंत्र लागतं हा भाग वेगळा, पण घाटात एसटीच्या मागून ओव्हरटेक करताना पुढचं बघायला शेजारी बसलेल्या वहिनींना विचारावं लागेल, आणि त्या म्हणतील, नका जाऊ.

तर उत्तर. गाडी स्वतः खोलून बसायची हौस आहे, हात काळे करायचेत, तर ई-टाइप, आणि तुमच्या पत्रावरून मला तरी तेच दिसतंय. नुसती बसून चालवायची असेल तर पॅगोडा, पण पंप आधीच रिपेअर होऊन आलेली आणि त्याचं बिल हातात असलेली.

प्रश्न : साडूंनी दुबईत एक २८० एसएल बघितली, फोटो पाठवलेत, रंग चकाचक, क्रोम चकाचक, सीट नव्या. मालक म्हणतो पूर्ण रिस्टोर केलीये. पुढच्या महिन्यात साडू प्रत्यक्ष जाणार आहेत, त्यांना काय काय बघायला सांगू?
— सातारा रोडचे एक वाचक

उत्तर : चकाचक हा शब्द दोनदा आलाय तिथंच मी सावध झालो. मी स्वतः एकदा चकाचक फियाट डिलाइट घेतली होती, महिन्याभरात पावसात दाराखालचा पट्टा हाताला आला, आत पुट्टीच पुट्टी, मधे कुणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. ज्या डेंटरने ते केलं त्याचं काम इतकं गुळगुळीत होतं की अजूनही त्या हाताचं कौतुक वाटतं आणि त्या माणसाचा राग येतो. तेव्हापासून एकच शिकलो, इंजिन बनवता येतं, पत्रा विकत घ्यायचा असतो.

साडूंना खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक न्यायला सांगा. दाराखालचे पट्टे, हेडलाइटच्या मागची बाजू, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, कापडी टप घडी करून ठेवतात तो कप्पा, इथं चुंबक चिकटलं पाहिजे. बॉनेट, दारं, डिकीचं झाकण आणि कापडी टपावरचं झाकण याला मात्र चिकटणार नाही आणि साडू घाबरून मला फोन करतील, तर आधीच सांगतो, ते भाग कंपनीनेच ॲल्युमिनिअमचे दिलेत. मग बॉनेट उघडून पुढच्या मडगार्डच्या आतल्या काठावर बघायचं, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल गोल खड्डे ओळीत दिसतात. ते गुळगुळीत झाले असतील तर मडगार्ड बदललंय किंवा ठोकलंय, मग का ते विचारायचं. बदलणं गुन्हा नाही हो, लपवणं गुन्हा आहे.

चेसिस नंबरची सुरुवात बघा. २३० एसएल असेल तर ११३.०४२, २५० ला ११३.०४३ आणि २८० ला ११३.०४४. पुष्कळदा २३० मध्ये मोठं इंजिन बसवून २८० म्हणून विकायचा प्रयत्न होतो, त्याला नंबर उत्तर देतो. गाडीबरोबर कारखान्याचं डेटा कार्ड असतं, त्यावर इंजिन नंबर, मूळ रंग, सीटचा रंग सगळं लिहिलेलं, त्याच्याशी एकेक ताडून बघा. (जॅग्वारवाल्यांनीही हे करावं, तिकडे जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचं मूळ नोंदींचं सर्टिफिकेट मिळतं. ३.८ ची उजव्या स्टिअरिंगची उघडी गाडी ८५०००१ पासून पुढे, कूपे म्हणजे बंद टपाची ८६०००१ पासून, म्हणजे नंबर ८७५ किंवा ८८५ ने सुरू होत असेल आणि स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ते कुणीतरी नंतर हलवलंय.)

दुबईची गाडी असण्याचा फायदा इतकाच की तिथं गंज कमी. पण तिथं ती आली कुठून ते विचारा. आधी ३० वर्षं जर्मनीत मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हिवाळे काढले असतील तर दुबईचं ऊन ते भरून काढत नाही.

प्रश्न : ई-टाइप खरंच १५० मैलांच्या स्पीडने जायची का, की नुसती जाहिरात?
— सदाशिव पेठेतील एक वाचक

उत्तर : गेली होती. १९६१ मध्ये ऑटोकार मासिकाने टेस्टमध्ये १५०.४ मैल नोंदवलं, म्हणजे तासाला २४२ किलोमीटर. फक्त ती गाडी कंपनीने टेस्टसाठी खास तयार करून दिलेली होती, शोरूममधली त्याच्या थोडी मागेच राहायची. लक्ष्मी रोडला दोन्ही सारख्याच पोचतात.

प्रश्न : मी बाणेरला आयटीत आहे. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवून देणारे लोक परदेशात बरेच आहेत. ई-टाइपची नुसती बॉडी स्वस्तात घेऊन तसं केलं तर पेट्रोलचा, कार्बोरेटरचा, गरम होण्याचा सगळाच प्रश्न मिटतो ना काका?
— बाणेरच्या एक वाचक

उत्तर : मिटतो, आणि त्याबरोबर गाडीही मिटते. व्हिंटेज रजिस्ट्रेशनची अटच अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठी ढवळाढवळ नको. इंजिन काढलं की ती व्हिंटेज राहत नाही. शिवाय स्वस्तातली ई-टाइप बॉडी म्हणजे काय ते समजून घ्या, त्या गाडीचा पुढचा भाग नळ्यांच्या सांगाड्यावर उभा असतो, त्या नळ्या आतून गंजतात, बाहेरून रंग मस्त असतो, आणि गंजली नळी वेल्डिंगने जोडायची नसते, अख्खी फ्रेम बदलायची असते. चांगली गोष्ट एवढी की इंग्लंडमध्ये ई-टाइपचं काहीही नवं मिळतं, फ्रेम, फ्लोअर, सगळं बॉनेटसुद्धा. पॅगोडाचेही पार्ट मर्सिडीज अजून देते, फक्त पार्सल उघडायच्या आधी बिल उघडू नका.

तुम्हाला जुना आकार आणि नवी मोटर हवी असेल तर त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी एक चांगली ई-टाइप मारू नका एवढंच म्हातारपणी मागणं. ७२ हजारांच्या वर बनल्या हे खरं, पण त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या धड गाड्या मोजक्याच राहिल्यात.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवली तर चालेल का? आणि इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला मारतं म्हणतात ते खरं का?
— सिंहगड रोडचे एक वाचक

उत्तर : उभी ठेवलीत तर दोन्ही प्रश्न एकच होतात. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी चालती असेल तर पेट्रोल संपत राहतं, पाणी साठत नाही. चार महिने टाकी अर्धी ठेवून बंद केली की तळाशी जे जमतं त्याने टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप मऊ पडून चिरतात, आणि पेट्रोल गळतं ते नेमकं गरम इंजिनावर. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर. पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, चार पैसे जास्त जातील. कार्बोरेटरच्या गाडीत मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, तिथं सुई बदलून किंवा जेट खाली घेऊन जमवता येतं. पॅगोडाच्या पंपात मात्र ते पाणी जाऊन आतल्या बारीक प्लंजरांना गंज धरला तर मी वर म्हटलं तसं, डबा आणि जर्मनी.

म्हणून दर आठ-दहा दिवसांनी सुरू करा, आणि नुसती सुरू करून बंद नाही, इंजिन नीट गरम होईपर्यंत चालू ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली पत्र्याला घाम सुटतो, सुती घाला. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो, चाकाला वीट लावा. उंदरांचं काय करायचं ते मला विचारू नका, माझ्या स्वतःच्या गाडीची वायरिंग दोनदा खाल्लीये.

प्रश्न : साहेब, मी ४० वर्षं नाना पेठेत ॲम्बॅसेडरची कामं केली. आता दुकान मुलाकडे, तो स्कॅनर लावून गाड्या बघतो. माझा हात शिवशिवतो. मागच्या अंकात तुम्ही एसयूबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या म्हणून विचारतो, तीन एसयू एका इंजिनाला म्हणजे ट्युनिंग कसं करतात? एकाचं जमतं, तिघांचं एकदम कसं?
— एक निवृत्त मिस्त्री

उत्तर : मिस्त्री, तुमचं पत्र शेवटी ठेवलं ते मुद्दाम. तुम्हाला जमेल, आणि तुम्हाला जमेल तसं दुसऱ्या कुणाला क्वचित जमेल. ई-टाइपला दोन इंची तीन एसयू, एचडी ८ म्हणतात. आधी वरच्या डब्या काढून तिन्ही पिस्टन स्वच्छ करा, उचलून सोडले की तिन्ही सारख्याच वेळात टक् करून खाली बसले पाहिजेत, आत पातळ तेल घाला. मग तिघांना जोडणारे दांडे सैल करायचे, तिन्ही सुटे झाले की रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं पाळीपाळीने एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी. जिथं जास्त फुसफुस तिथं हवा जास्त जातेय, त्याचा स्क्रू थोडा आत-बाहेर. तिन्हींचा आवाज सारखा झाला की दांडे घट्ट करा, पण घट्ट करताना तिन्ही एकदम उघडतात ना ते बघत राहा, बहुतेकांचं इथंच चुकतं. मग मिक्श्चर, पिस्टन किंचित उचलून, तुम्ही ॲम्बॅसेडरला करायचात तसंच.

मुलाच्या स्कॅनरला यातलं काही ऐकू येत नाही. प्रभात रोडच्या साहेबांनी जॅग्वार घेतलीच तर पहिला फोन मी तुम्हाला करतो, नळी तुमची, चहा त्यांचा. पॅगोडा घेतली तर मात्र तुम्ही मुलाच्या दुकानातच बसा.